कंट्रोलरमागची जागा

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा कुणाच्या पार्टीला जाणार नाही!

काल सौरभकडे होती. सौरभ म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, सुयोगच्या, एमआयडीसीतल्या कंपनीतला. पाच-सहा जोडपी, एक स्पीकर, एक मोबाईल. मोबाईल हातोहात फिरतो. एकाला लावणी हवी, दुसऱ्याला पंजाबी. कुणीच गाणं पुरं होऊ देत नाही. मधेच जाहिरात — मूळव्याधीवर खात्रीशीर उपाय! सगळे हात वर करून तसेच उभे.

एक गाणं संपत असताना दुसरं आत यायला हवं. कडी न वाजवता. एवढं साधं कुणाला जमू नये?

घरी येताना सुयोगला म्हटलं, आपण छोटा डीजे कंट्रोलर घेऊ. हसला. ‘डीजे? तू? ज्युनिअर कॉलेजात कविता शिकवणारी बाई?’

हो. तीच बाई.

५ नोव्हेंबर

वाचून काढलं सगळं. दोन चॅनेल, म्हणजे एका वेळी दोन गाणी, पुरेत. दोन फिरत्या चकत्या, मधे एक सरकती पट्टी — एका गाण्याचा आवाज कमी करत दुसऱ्याचा आणायला. चार चॅनेल, रंगीत दिवे वगैरे लोकांना दाखवायला. खरी गोष्ट वेगळीच : हेडफोनची स्वतंत्र सोय. बाहेर एक गाणं चालू असताना पुढचं फक्त आपल्या कानात ऐकता आलं पाहिजे. ते नसेल तर खेळणं. स्वस्तातली बरीच खेळणीच आहेत.

सॉफ्टवेअर आधी फुकटातलं. माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपेल असं. गाणी लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवायची. नेटवरून वाजवायची नाहीत. आपल्याकडे वीज जाते, आणि नेट तिच्या आधी जातं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुकानात गेलो. बोलत मी होते. दुकानदार बघत सुयोगकडे होता.

‘ताई, हेडफोन कशाला? आवाज तर भाईर पायजे ना?’

समजावलं. पुरं समजावलं. ऐकून घेतलं आणि सुयोगला म्हणाला, ‘साहेब, तुमी सांगा. बेस केवढा लावू?’ भिंतीला माणसाच्या उंचीच्या पेट्या होत्या. ‘एकदा लावा. घराच्या काचा हादरतील.’

म्हटलं, काचा माझ्याच घराच्या आहेत.

सुयोग त्याच्यासोबत हसला! ‘मॅडमचा हट्ट हाय. द्या त्यांना काय पायजे ते.’

हट्ट. महिनाभर दळण टाकायला विसरतो तो माणूस हट्ट म्हणतो.

घेतला मी ठरवलेलाच. दोन चॅनेल, हेडफोनची सोय, सोबत दोन आठ इंची स्पीकर. खोकं गाडीत ठेवताना दुकानदार सुयोगला म्हणतो, ‘शिकून घ्या साहेब, सोपंय.’

१२ नोव्हेंबर

‘सिंक’ नावाचं एक बटण आहे. दाबलं की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. यंत्रावर केलेल्या गाण्यांची जुळते. हलगीची नाही. हलगी माणूस वाजवतो, तो चढत जातो. सॉफ्टवेअर त्याच्यावर सरळ रेघा आखतं. मग एका जुवाला दोन चालींचे बैल.

बटण सोडून दिलं. कानाने जुळवते. चकतीला बोटाचं पेर लावायचं, किंचित मागे ओढायची. आज एकदा जमलं. घरात एकटीच होते. ओरडले!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाई आणि प्रगती, माझी नणंद, गावाकडून, कळसहून आल्या आहेत. साड्या घ्यायच्यात. प्रगतीचा साखरपुडा तीस तारखेला, स्थळ सोमेश्वरनगरचं. तात्यांनी — सासऱ्यांनी — तिकडेच शब्द दिला आणि घरी येऊन सांगितलं.

‘मुलगा कसा आहे गं?’

‘फोटो बघितलाय, वहिनी.’

ती साड्यांची यादी काढून बसली. मीही कानाला हेडफोन लावला.

सासूबाई दाराशी येऊन कंट्रोलर बघत राहिल्या. ‘ह्ये काय, दोन पोळपाट?’

‘तसंच समजा, आई.’

‘मग लाट.’

२३ नोव्हेंबर, रविवार

काल आमच्याकडे पार्टी झाली. लिहितेच.

क्रम मी लावला होता. सुरुवात हळू, जेवणाआधी चढ, जेवणानंतर हलगी. पाहुणे यायला लागले. सुयोग म्हणाला, ‘तू मसालेभात बघून ये. तवर मी उभा राहतो.’

तवर!

मग गच्चीवरून हाका. पापड आण. ताक आण. ताकाची किटली घेऊन वर गेले, तर कंट्रोलरमागे हा. हेडफोन गळ्यात. कानाला नाही — गळ्यात. सत्काराच्या हारासारखा.

सौरभ ओरडला, ‘सुयोगराव, छुपे रुस्तम निघाला की! कधी शिकला?’

‘आपलं असंच. यूट्यूबवर बघून.’

मी तिथे होते. किटली हातात होती. त्याने मला डोळा मारला.

खाली स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. गाणी माझी, क्रम माझा. हलगी आली तशी मला कळलं, हा आता सिंक दाबणार. दाबलं. दोन्ही गाणी एकमेकांच्या अंगावर कोसळली. वर टाळ्या! त्यांना वाटलं, मुद्दाम केलं.

सासूबाई भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, ‘तू दुपारी लावतीस तवा असं धडपडत न्हाय ते.’

मला रडायचं नव्हतं. ताट आपटायचं होतं. आपटलं. स्टीलचं. फुटतही नाही!

आज सकाळी त्याला म्हटलं, ती माझी जागा होती.

‘अगं, घरातलीच वस्तू. त्यात तुझं-माझं काय?’

मग कुकर तुझा का नाही?

शेवटी खरं बोलला. ‘चार माणसांत बायको डीजे वाजवणार आन मी पापड वाढणार? लोक काय म्हणतील?’

२५ नोव्हेंबर

उत्कर्षाचा, सौरभच्या बायकोचा, मेसेज. ‘सुयोगभाऊ आमच्या लेकीच्या वाढदिवसाला वाजवतील का?’

मी वाचला. फोन बाजूला ठेवून हलगी लावली.

२६ नोव्हेंबर

तो म्हणतो, ‘तू क्रम लावून दे, मी उभा राहतो. आपली टीम.’

टीम! म्हणजे पाणी मी तापवायचं आणि आंघोळ याने करायची.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कळसहून सासूबाईंचा सुयोगला फोन. परवा प्रगतीची मेंदी, ते यंत्र पाठव.

याची कॉलर ताठ. ‘मीच घेऊन येतो की. कुठली गाणी पायजेत?’

‘तू न्हाय. मेंदीच्या खोलीत बाया असत्यात, गडी आत कशाला? तिला पाठव.’

फोन स्पीकरवर होता. मी गवार मोडत होते. मोडत राहिले.

‘आई, पण तिला लोकांत वाजवायची सवय न्हाय —’

‘तुला हाय व्हय? ऐकलं की त्या दिवशी.’

फोन बंद.

मग म्हणाला, ‘स्पीकर जपून ने.’

हसले मी. चांगलं हसू नव्हतं ते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. कळस.

खोली बायकांनी भरली. दार लावलं. मी यंत्र मांडलं, लॅपटॉप जोडला, विचारलं, ‘आई, हळू गाण्यापासून सुरू करू?’

त्या अगदी जवळ आल्या. ‘कंचं बी लाव. आवाज मोठा ठेव आन मधी खंड पडू देऊ नको. भाईर सोप्यात तुझा सासरा हाय, सोमेश्वरनगरची माणसं हायती. ह्या सोयरिकीचं पोरीला आजून कुणी इचारलं न्हाय. मला इचारायचंय.’

आवाज वाढवला. गाण्याला गाणं जोडत गेले. कोपऱ्यात मायलेकी बोलत होत्या, प्रगती मान हलवत होती — नाही, नाही. शब्द एकही माझ्यापर्यंत आला नाही. म्हणजे दाराबाहेरही गेला नाही.