भुईला न लागलेले पाय

आई, आज मी वॉकर सोडून काठीवर गोठ्यापर्यंत गेले. गाईंनी मान वर करून पाहिलं आणि परत वैरणीत घातली. दीड महिन्यात विसरल्या मला. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीही सणसरच्या या घरात दोन्ही वेळच्या धारा मीच काढायचे, सुनेला कासेला हात लावू द्यायचे नाही, एवढा माझा तोरा. मग शेणावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. तुझा असाच काटेवाडीच्या गोठ्यात मोडला होता. लेक आईच्या वळणावर जाते म्हणतात, पण इतकी?

बारामतीला ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणारी पोरगी आली. म्हणाली, "काकू, उठा. पाय खाली सोडा." मी खेकसले, "अगं, कालच चिरलंय मला!" ती हसली. "पडून राहिलात तर पडूनच राहाल." फरशी पायाला गार लागली. मी उभी राहिले आणि रडायला लागले. तिला वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण मला तू आठवलीस.

तुलाही डॉक्टरांनी लगेच चालवायला सांगितलं होतं. मीच म्हटलं, हाड जरा धरू दे. तुला माझ्याकडं आणलं आणि खाटेवर ठेवलं. जेवण खाटेवर, अंघोळ खाटेवर. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, "लेक असावी तर अशी! आईला भुईला पाय लावू दिला न्हाय." मी पदर सावरत चहा टाकायला उठायचे. तू म्हणायचीस, "मला निस्तं दारापातूर न्ये गं. गाई हंबारत्यात." मी म्हणायचे, "गप पड. लोक म्हणतील, म्हातारीला राबवती." तू पुन्हा पडशील ही भीती खरी होती, आई. पण लोकांची जास्त होती.

एका सकाळी मी धारा काढून आत येते तर तू खांबाला धरून उभी. खाटेपासून दोन पावलं. तोंडभर हसतेयस. आणि मी तुला पोराला दटावावं तशी दटावून परत झोपवली. तू काठी मागितलीस तर म्हटलं, शेजारच्या तात्यांनी नेलीय. तू पुन्हा मागितली नाहीस. पाठीला जखमा झाल्या आणि चार महिन्यांत तू गेलीस. दहाव्यालासुद्धा लोक माझंच कौतुक करत होते.

डॉक्टर म्हणतात, आता उकिडवं बसायचं नाही. म्हणजे धार संपली. सून काढते, मी खुर्चीत बसून बघते. परवा तिनं माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेली काठी काढली. "आत्या, ही कुणाची हाय?"

"माझ्या आईची."

"मग वर कशी गेली?"

"हरवली होती," मी म्हटलं.

काठीची मूठ तुझ्या हातानं गुळगुळीत झालेली आहे. माझ्या हातात नीट बसते. तात्यांनी नेली नव्हती ती. मीच वर टाकली होती.

हा कागद सुनेच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन. तिला खरं सांगायचं आज ठरवलं होतं. पण सकाळी ती शेजारणीला सांगत होती, "आत्यांनी आईचं लई केलं." मी तशीच काठी टेकत गोठ्याकडं निघाले. आई, ते ऐकून मला अजूनही बरं वाटलं.