दारावरच्या खोट्या चांदण्या

प्रिय यशश्रीताई,

टेंभुर्णीहून, भावाच्या घरून लिहून राह्यले. पाय प्लॅस्टरात हाये. सकाळी तुम्ही फोनवर सांगितलं, सुयशला सहा दिवस शी न्हाई, पोट दगडासारखं झालंय, उद्या संभाजीनगरला नेऊन भूल देऊन तपासणार. तुम्ही रडत होता. मला बोलायचं होतं, पण मी फोनच ठेवून दिला. साडेतीन वर्षांचं लेकरू ते, त्याला भूल?

ताई, मी लई भित्री हाये, तुम्हाला माहीत न्हाई. सुयशला सांभाळताना तुमच्या घरात तोऱ्यात वावरते, डबा विसरलात की तुम्हालाच रागावते. पण तुम्ही म्हणालात ना, जूनमध्ये शाळा हाये, तिथं डायपर चालत न्हाई, महिनाभरात याला कमोडवर बसायला शिकवा, तेव्हापासून मला धास्तीच बसली. तुम्ही हौसेनं बदकाची सीट आणली, बाथरूमच्या दाराला तक्ता लावला. बसला की एक चांदणी चिकटवायची. आन् पहिल्याच दिवशी तो बसलेला असतानाच मी घाईत फ्लश केला! असा किंचाळला की शेजारच्या गोजरबाई धावत आल्या. त्याला वाटलं, पाणी आपल्यालाबी ओढून नेणार. मंग काय, सीट दिसली की पठ्ठ्या पलंगाखाली. खाऊ दाखवला, गाणी म्हटली, बिलकुल न्हाई.

तुम्ही रोज संध्याकाळी विचारायच्या, बसला का? मी म्हणायची, बराबर बसला. खरं सांगू? त्यानंतर तो एकदाबी बसला न्हाई. दुपारी तुम्ही बँकेत असायच्या, तेव्हा मी आमच्याकडं तान्ह्या लेकराला बसवतात तसं केलं. मोरीत पाटावर बसले, पाय लांब करून जोडले, खाली पेपर टाकला आन् त्याला माझ्या पावलांवर बसवलं. माझे हात धरून दोन मिनिटांत मोकळा झाला, घरभर नाचला. मंग ते रोजचंच झालं. पेपर गुंडाळून टाकायचा, चांदणी लावायची. बावीस चांदण्या मी खोट्या लावल्या, ताई. तुम्ही त्या पाहून डायपर बंद केले, तक्त्याचा फोटो नणंदेला पाठवलात, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

सहा दिवसांमागं, दोन दिवसांसाठी म्हणून इकडं आल्ते. अंगणात घसरले, घोटा मोडला, तुम्हाला कळवलंच होतं. न्हाई कळवलं ते हे, की मी त्याला रोज बजावायची, हे आपलं दोघांचं गुपित, मम्मीला सांगायचं न्हाई. ते लेकरू माझा शब्द पाळून राह्यलंय, ताई. पोट धरून रडतंय, पण सांगत न्हाई. डोळे मिटले की तेच दिसतं. माझ्यामुळं त्याला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?

फोनवर हे बोलायची माझी छाती न्हाई, म्हणून कागदावर लिहिलं. भाची तृप्ती याचा फोटो तुम्हाला पाठवील. दवाखान्यात जाणं टाळू नका, आतमध्ये खरंच काही असेल तर डॉक्टरांनाच कळेल, त्यांनाबी हे सगळं वाचून दाखवा. पण फोटो मिळाल्या मिळाल्या सुयशला जवळ घ्या आन् सांगा, नंदामावशीनं स्वतःच मम्मीला सांगितलं, तुझी काही चूक न्हाई. मंग मोरीत बसा, पाय जोडा, त्याला पावलांवर घ्या. तोंड तुमच्याकडं, दोन्ही हात तुमच्या हातात. तुम्ही असं कधी केलं न्हाई, पाय भरून येतील, पण उठू नका. जल्दी कर म्हणू नका. परत मला कामावर घ्या न्हाईतर नका घेऊ, तुम्ही म्हणाल ते कबूल. फक्त त्याचं पोट मोकळं झालं की एक मिस्ड कॉल द्या. मी फोन हातातच धरून बसलेय.

तुमचीच,
नंदाबाई