ब्याऐंशी नंबरच्या खणाबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणार : कमलबाई भ्र. बन्सीधर कच्छवे, वय ६७ वर्षे, राहणार झरी, ता. जि. परभणी, गावातील हायस्कूलची सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर.

हे मृत्युपत्र मी कुणाच्या दबावाखाली किंवा कुणाच्या गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं अधूनमधून ठोका चुकवतं. दोन्हीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो सून राजेश्री हिने दोनदा वाचावा. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर करण्याइतका दम राहील असं वाटत नाही.

कलम १. यजमानांची वडिलोपार्जित दोन एकर जमीन मुलगा चि. भागवत याच्याकडेच आहे. ती त्याचीच आहे. त्यावर मी काही लिहिण्याचं कारण नाही.

कलम २. माझे चांदीचे तोडे, शिलाई मशीन आणि स्वयंपाकघरातील सर्व भांडी राजेश्रीला द्यावीत. तिचं नि माझं पटत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर, दिवसातून चार वेळा, तिने औषधाचा थेंब घातला आणि एकदाही वेळ चुकवली नाही. हेही गल्लीला ठाऊक व्हावं म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ३. आता पेटी. निवृत्त होताना शाळेतून घरी आणलेली, जिला घरात सगळे भंगार म्हणतात ती.

यजमान हायस्कुलात नोकरीत असतानाच वारले आणि त्यांची जागा अनुकंपा तत्त्वावर मला मिळाली. मी दहावी नापास. पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या सरांनी मूलद्रव्यांचा तक्ता पुसायला सांगितला. लोखंडाला एफई आणि सोन्याला एयू का म्हणतात, असं मी विचारलं. सर म्हणाले, "कमलबाई, तुम्ही फक्त पुसा." बरं म्हटलं. पुसता पुसता सहा महिन्यांत सगळा तक्ता पाठ केला. सर शेवटपर्यंत बघूनच शिकवायचे.

हा तक्ता ज्या रशियन मास्तराने पहिल्यांदा मांडला, त्याला मी मनोमन नमस्कार करत आले. जगात जे जे आहे, माती, पाणी, विळा, माझी हाडं, ते सगळं मोजक्या चिजांचं बनलेलं, आणि त्या चिजाही अस्ताव्यस्त नाहीत, ओळीने बसलेल्या! उभी ओळ म्हणजे भावकी. वजन वेगवेगळं, स्वभाव एकच. पहिल्या ओळीतले सोडियम आणि पोटॅशियम पाण्यात पडले की भडकणार. शेवटच्या ओळीतले कुणात सहसा मिसळणारच नाहीत. नुसता शेजारी बसला म्हणून कुणी भावकीत येत नाही. आणि त्या माणसाची सगळ्यात मोठी गोष्ट ही, की जे सापडलं नव्हतं त्यासाठी त्याने जागा मोकळ्या सोडल्या, इथे येणारा कसा असेल हेही सांगून ठेवलं, आणि पुढे त्यातले काही तसेच सापडले. एवढा भरवसा मी तरी माणसांवर कधी ठेवला नाही.

म्हणून १९९६ साली मी पेटी करायला घेतली. शाळेतले शिपाई सिद्धोधन यांनी मोडक्या बाकांच्या फळ्यांतून एकशे अठरा खण करून दिले. तेव्हा तेवढी मूलद्रव्यं सापडलीही नव्हती, पण सिद्धोधन म्हणाले, "तक्त्याची शेवटची ओळ पुरीच करू, कमलबाई, पुन्हा करवत कोण धरतंय." पुढे ते सगळे खण लागले. माझ्याकडचे एकेचाळीस भरले आहेत. तांबं जळालेल्या मोटारीच्या तारेतलं. जस्त टॉर्चच्या सेलच्या टरफलाचं. कथील कल्हईवाल्याकडचं. निऑन विजेच्या टेस्टरमधल्या दिव्यातला. पारा फुटक्या तापमापकातला, त्याची बाटली कुणीही उघडू नये, तो विषारी असतो. खडूला जागा नाही. त्यात कॅल्शियम असलं तरी इतर भेसळ आहे, आणि मी भेसळ चालू देत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या खणांतल्या बुचाच्या बाटल्या रिकाम्या समजून फेकू नयेत. दोन्हींत साधी हवा आहे हे मला कळतं. तेवढी एक सवलत मी स्वतःला दिली.

कलम ४. एकोणऐंशी नंबरच्या खणातला सोन्याचा मणी माझ्या मंगळसूत्रातला आहे. तो काढायचा नाही. भागवत एकदा म्हणाला होता, "बाई, पेटी ठिव तुझी, पण सोनं तरी काढून घिऊ." सोनं काढलं तर तिथे भोक राहील, आणि तांबं-चांदीच्या उभ्या ओळीत जी त्याची जागा आहे ती त्याला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

कलम ५. हे कलम माझ्या अपराधाचं आहे. भागवतलासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही.

ब्याऐंशी नंबर शिशाचा. आपण पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतो, म्हणून मी त्या खणात शिसपेन्सिलीचा तुकडा ठेवला. आठ वर्षं तो तिथेच होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी पेटी पाहून माझी पाठ थोपटली. सरांनी माझं नाव पुढे करून स्वतः हार घालून घेतला. कुणाला काही दिसलं नाही.

२००४ साली नववीच्या वर्गात शिवकन्या नावाची मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, अंगावर नेहमी मोठ्या बहिणीचा फ्रॉक. ती एकदा पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे शिसं न्हाई. पेन्सिलीत कार्बन ऱ्हातो. ह्याची जागा सहा नंबरला हाय."

मी भडकले. चार पोरी ऐकत होत्या. "तू लय शाहाणी झालीस का? साहेबांस्नी दिसलं न्हाई आन् तुला दिसलं?" असं म्हणून मी तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. एवढ्यावर थांबले नाही. पोरगी पेटीला हात लावते असं सरांना खोटं सांगितलं. सरांनी तिला आठवडाभर प्रयोगशाळेबाहेर उभं केलं. दिवाळीला ती आईबापाबरोबर उसाला गेली आणि शाळेत परत आली नाही.

मनात किडा वळवळत होता म्हणून मी एक दिवस सरांना विचारलं, पेन्सिलीत काय असतं? सर हसले. "ग्रॅफाइट. म्हणजे कार्बन. का?" काही नाही म्हटलं. घरी येऊन पुष्कळ रडले. तुकडा त्याच दिवशी सहा नंबरच्या खणात ठेवला. पोरीला मात्र वीस वर्षं शोधलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

कलम ६. गेल्या जानेवारीत शेजारीण बायनाबाई यांच्या भावाकडून कळलं की शिवकन्या गंगाखेडच्या बाजूला एका फडात ऊस तोडायलीय. मी एसटीने गेले. ती मोळ्या बांधत होती. मी म्हटलं, "शिवकन्या, तुझं खरं होतं. ते शिसं नव्हतं."

तिने कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "मला तवाच म्हाईत व्हतं, मावशी."

रागाने नाही, साधंच म्हणाली. मी तिथेच बांधावर बसले. मग म्हटलं, पेटी तुझी आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "ह्या पाचटाच्या कोपीत कुठं ठिवू? पीठ ठिवायला जागा न्हाई." मागे तिची मुलगी भक्ती उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करत होती. आठवीतली पोर, वार मंगळवार, शाळेची वेळ. मी काही न विचारताच शिवकन्या म्हणाली, "दिवाळीपासून शाळा बंद असती तिची. मागं कुणापशी ठिवू?"

परत येताना एसटीत मी हे कलम मनात पक्कं केलं. पेटी सर्व खणांसह शिवकन्येला द्यावी. ब्याऐंशी नंबरचा खण रिकामा आहे. शिसं जुन्या बॅटरीतही सापडतं, पण मी ते मुद्दाम आणलं नाही. तो खण भरण्याचा मान तिचा. आणि पेटीला घर लागतं, म्हणून झरी येथील माझ्या राहत्या घराची रस्त्याकडची पुढची खोली, तिच्या स्वतंत्र दारासह, <s>माझ्या मृत्यूनंतर</s> आजपासून शिवकन्येची. हे घर मी माझ्या पगारातून घेतलं आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझंच नाव आहे. मागच्या तीन खोल्या भागवतच्या.

भागवत, त्या खोलीत तुला खताचं दुकान टाकायचं होतं, ते मला माहीत आहे. तुझा राग मी समजते. पण तुझ्या शाळेत एक पोरगी सगळ्यांहून हुशार होती, आणि तिला तुझ्या आईने घालवलं. हे मी जाताना बरोबर घेऊन जाऊ शकत नाही.

खोडाखोडीबद्दल नोंद : सर्व मजकूर लिहून झाल्यावर मी तो साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचला. कलम सहा ऐकून बायनाबाई म्हणाल्या, "अगं कमल, तू मरणार कधी, आन् त्या पोरीची नववी व्हणार कधी? ऊसतोडीच्या टोळीची गाडी परवा निघायलीय, पोर परत शाळा सोडून जाईल." म्हणून कलम सहामधले "माझ्या मृत्यूनंतर" हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने खोडले, त्या जागी "आजपासून" लिहिलं आणि समासात सही केली. भागवत दारात उभा राहून ऐकत होता. तो आत गेला, आणि पुढच्या खोलीची किल्ली आणून त्याने या कागदावर ठेवली.

लिहून ठेवणार : (सही) कमलबाई बन्सीधर कच्छवे

साक्षीदार :
१. (सही) दिनकरराव रेंगे, निवृत्त पोस्टमास्तर, रा. झरी
२. बायनाबाई भ्र. गोपीचंद, रा. झरी, डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा

ठिकाण : झरी
दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५