कागद टकटक करत नाही

जावईबापू उमेंद्र यांस गोरेगावहून जीवनलालचा रामराम.

माझे बिटकॉइन जुन्या हार्डवेअर वॉलेटमधून नव्यात न्यावे, हा सल्ला तुमचाच. फोनवर म्हणालात, "मामाजी, ते चोवीस गुप्त शब्द वाचा. मी फक्त कागदावर लिहून ठेवतो." मी वाचत होतो आणि एकेका शब्दामागं मला कीबोर्डची टकटक ऐकू येऊन राहिली होती. कागद टकटक करत नाही, बापू.

तीस वर्षं धान घेतलं मी, पोत्यात परखी खुपसून दाणा पाहिल्याशिवाय कधी सौदा केला नाही. तुमचीही परखी घेतली. शब्द उलटसुलट वाचले होते. तासाभरात तुमचा फोन: "मामाजी, एखादा शब्द चुकला वाटते." कुलपाला लावल्याशिवाय किल्ली खोटी आहे हे कोणाला कळते?

मग मीच नव्या वॉलेटात आधी चिमूटभर पाठवून पाहिले, पोचल्यावर सगळे हलवले.

तुमची बायको, माझी दुर्गेश्वरी, परवा म्हणाली, "बाबा, असा जावई नशिबानं मिळते." मी म्हटलं, "हो माय." म्हणून हे पत्र टाकत नाही. तिजोरीत नव्या शब्दांच्या कागदाखाली ठेवतो. माझ्यामागं तिजोरी तीच उघडेल.

रविवारी जेवायला या.

कान शाबूत असलेला तुमचा सासरा,
जीवनलाल