दोन दारांची गाडी

२ नोव्हेंबर, रविवार. नांदेड.
आत्ताच लातूरहून आलो. निर्णय पक्का. गाडी बदलायची. आहे ती पाच सीटांची पांढरी गाडी चांगली आहे, तक्रार नाही. पण सेकंडहँड कूपे घ्यायची. दोन दारांची. बसायला आरामशीर आणि चालवायला परवडणारी. लोक तिला 'कूप' म्हणतात, ते चूक आहे. मी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. भावनेच्या भरात खरेदी करणाऱ्यांपैकी मी नाही.

आजचा प्रवास नेहमीसारखाच. मुलगी सुकन्या लातूरला नीटच्या क्लासला, त्यामुळे दर दुसऱ्या रविवारी डबा. गाडीत मी, बायको रेणुका, माझी थोरली बहीण सिंधुअक्का आणि अक्काचे मिस्टर रामकिशनदाजी. त्यांची मुलगी अंबिका लातूरला दिली आहे. दाजी पुढे बसतात. घरचे थोरले जावई. जावयाला मागे बसा म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

रेणुकाला मागे बसलं की मळमळतं. नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून बसते. आज चाकूरच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. तोंड धुऊन परत मागे बसताना हळूच म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदा तरी तुमच्या शेजारी बसून रस्ता बघावा वाटतंय. दाजी पुढे घोरत होते.

दाजींना काही सांगायचा प्रश्नच येत नाही. आणि कूपेचा दाजींशी काही संबंध नाही.

५ नोव्हेंबर.
रिसर्च चालू. यूट्यूबवर कूपेचे अकरा व्हिडिओ पाहिले. मागे नावापुरती सीट, तिच्यावर पिशव्या ठेवायच्या. पुढची सीट एकदम खाली, जवळजवळ जमिनीला टेकून. गुडघे झिजलेल्या माणसांनी टाळावी, असं एक जण बजावून सांगत होता.
दाजींचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. हा निव्वळ योगायोग.

९ नोव्हेंबर, रविवार.
एक लाल कूपे पाहिली. इथल्याच एका हौशी बिल्डरची. चालवून पाहिली. नांदेडात प्रत्येक गल्लीने आपापल्या मर्जीचा स्पीडब्रेकर घातलाय. तिसऱ्यावर गाडी पोटावर बसली. मालक म्हणाला, दोन माणसं उतरली की निघते. गाडीत आम्ही दोघंच होतो. उतरून ढकलली. ॲव्हरेज विचारलं तर तो आकाशाकडे बघायला लागला. नापसंत. चालवायला परवडली पाहिजे, हा माझा मूळ मुद्दा आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. लातूर.
सगळ्यांना अंबिकाकडे सोडलं, हवा भरून येतो म्हणालो आणि थेट संगप्पाच्या गॅरेजवर. संगप्पा जुन्या गाड्यांचा दलाल, मूळचा उदगीरकडचा. राखाडी रंगाची जर्मन कूपे दाखवली. डिझेल. ॲव्हरेज ठीक. पार्ट हैदराबादहून येतात, पण लवकर येतात म्हणे. बसलो आणि उठावंसंच वाटेना. संगप्पा म्हणाला, सर, सोफ्यावानी हाय बगा, मालकानं लेकरावानी जपली. सीटमध्ये हीटरही आहे. मराठवाड्यात सीटला हीटर! हसलो. पण वेगळे पैसे पडत नाहीत, असू दे.

एक टेस्ट मी स्वतःच्या डोक्याने घेतली. संगप्पाकडे मडिवाळप्पा म्हणून सत्तरीचे हिशेबनीस आहेत. त्यांना म्हणालो, अप्पा, जरा आत बसून उतरून दाखवा. बसताना 'अय्यो' म्हणाले. उतरताना दोनदा म्हणाले आणि संगप्पाचा खांदा मागितला.
गाडी पास.

२१ नोव्हेंबर.
रेणुकाला सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, मग दाजी कुठं बसतील? मी म्हणालो, गाडीची रचनाच तशी आहे, आपला काय इलाज? ती म्हणाली, अक्का? म्हटलं, रचना. काय बी करता, म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली.
संध्याकाळी पेपर वाचत होतो तर जवळ येऊन विचारलं, त्या गाडीची पुढची काच मोठी हाय का? मोठी आहे म्हणालो. मला एकदम भरून आलं. पेपर तोंडासमोर धरला.

२७ नोव्हेंबर.
पांढरी गाडी बजरंगसरांना दिली. आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवतात, हदगावचे. म्हणाले, सर, इतकी चांगली गाडी कामून विकून राहिले? म्हणालो, माणसाच्या गरजा बदलतात. त्यांना कळलं नसावं.

३० नोव्हेंबर, रविवार.
रेणुका पूजेच्या तयारीला घरी थांबली. मी एकटाच एसटीने डबा घेऊन लातूरला गेलो आणि येताना कूपे घेऊन आलो. काय गाडी! पाठ अजिबात दुखली नाही. शेजारची सीट रिकामी होती. पुढच्या खेपेला तिथे कोण असेल या विचाराने लोह्यापर्यंत एकटाच हसत होतो.

संध्याकाळी पूजा. दाजी आणि अक्का आमच्याच गल्लीत राहतात, न बोलवायची सोयच नाही. नारळ दाजींनी फोडला, कारण तो मान जावयाचा. मग गाडीत पहिलं बसायचा मानही जावयाचा. दाजी दार धरून एकेक इंच खाली गेले. कण्हले. मी मनातून खूश. आता दाजी अक्काला म्हणणार, म्हातारपणी असली गाडी नको गं बाई, असं काहीतरी. तेवढ्यात दाजींचा हात कुठल्यातरी बटणाला लागला.

पाच मिनिटं दाजी डोळे मिटून बसले. मग म्हणाले, दयानंद, लेका, कमरेला शेक मिळून राहिला रे.
चहा गाडीतच मागवला. नंतर गुडघ्यांनाही बरं वाटतंय म्हणाले. पेढेही गाडीत.

४ डिसेंबर.
थंडी पडली. दाजी रोज सकाळी मफलर गुंडाळून येतात. मी किल्ली देतो. इंजिन चालू ठेवून ते गाडीत पेपर वाचतात. गाडी जागची हलत नाही, त्यामुळे ॲव्हरेज कसं काढावं हा प्रश्न आहे. वर्गात विचारून पाहणार होतो, पण मुलं चेष्टा करतील.
तरी बरं. शेकाने बरे झाले की येणं बंद होईल.

१४ डिसेंबर, रविवार. लातूर.
आज ठरवून पहाटे निघायचं होतं. दाजी उठायच्या आत. रेणुकाने नवी साडी नेसली होती. प्रवासाला नवी साडी ती कधी नेसत नाही. खाली आलो तर दाजी माकडटोपी घालून गाडीला टेकून उभे. शेजारी अक्का. दाजी म्हणाले, आता तुझी गाडी म्हणल्यावर मला झोपच येईना.

दाजी पुढे बसले. अक्काला मागे बसवायचा प्रयत्न झाला. डोकं आणि एक पाय आत गेला, बाकीची अक्का बाहेर. मी इकडून ओढलं, रेणुकाने तिकडून. शेवटी जशी घातली तशीच काढली. अक्का हसून हसून खाली बसली. रेणुका हसली नाही. तिने डबा उचलला आणि म्हणाली, आमी जातो एसटीनं, बायकांना अर्धंच तिकीट हाय.
मी म्हणालो, फक्त आजच्या दिवस.

रस्ताभर दाजी सीट मागे टाकून झोपले. अहमदपूरला उठले आणि म्हणाले, ही गाडी घेतलीस ते लई चांगलं केलंस, त्या गाडीत मागून बायकांची लई कटकट असायची.

एसटी आमच्या मागून तासाभराने आली. मला वाटलं रेणुका पांढरीफटक उतरेल. उतरली ती बोलतच. पहिली सीट मिळाली होती. समोरची काच दारापेक्षा मोठी. लिंबू लागलंच नाही. चाकूरजवळ उसाचा ट्रॅक्टर कसा कलला होता, शिरूर ताजबंदला एका लग्नाचा बँड कसा रस्ता अडवून नाचत होता, सगळं सुकन्याला हात करकरून सांगत होती. मी त्याच रस्त्याने आलो. मला बँड दिसला नव्हता.

२० डिसेंबर.
वजिराबादला सिग्नलला शेजारी माझी पांढरी गाडी. बजरंगसर चालवत होते. शेजारी त्यांच्या मिसेस, संत्री सोलून एक फोड स्वतः खात होत्या, एक सरांना देत होत्या. मागे सरांचे वडील मांडीवर पिशवी घेऊन बाहेर बघत बसलेले. मजेत.
कॉलेजात सहज विचारलं, वडील मागे कसे बसतात? सर म्हणाले, कसे म्हंजे? बापू, मागं बसा म्हणलं, बसले.
हदगावकडची माणसं जरा फटकळच.

२८ डिसेंबर, रविवार.
लातूर. मी आणि दाजी. बायका एसटीने. दाजींना आता अंबिकाकडे जायचं नसलं तरी यायचं असतं. ॲव्हरेज समाधानकारक.

१ जानेवारी.
संकल्प. या वर्षी स्पष्ट बोलायचं. वाक्य तयार केलं: दाजी, पुढच्या खेपेपासून रेणुका पुढे बसेल. बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. आवाज नीट लागला.

३ जानेवारी.
दाजींना सर्दी. आजारी माणसाशी असं बोलू नये.

८ जानेवारी.
सर्दी गेली. पण संक्रांत तोंडावर आली आहे. लोक तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतात आणि मी जावयाला सीटवरून उठवू? संक्रांतीनंतर.

११ जानेवारी, रविवार.
लातूर. वरीलप्रमाणे. येताना दाजींनी विचारलं, तुझ्या गाडीला मानेला शेक द्यायची सोय न्हाई का?

१७ जानेवारी.
संक्रांत झाली. दाजींकडे गेलो. दाजी, म्हणालो. त्यांनी हुरड्याची प्लेट पुढे केली. हुरडा खाल्ला. चांगला होता.

२४ जानेवारी, शनिवार.
आज रेणुकाशी वाजलं. खरं म्हणजे ती शांतच होती, वाजलं माझंच. मी म्हणालो, तुझ्यासाठी एवढी गाडी घेतली, तर तू एसटीत रमलीस, कधी तोंडदेखलंही विचारत नाहीस. ती भांडी पुसत होती. हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, गाडी कामून बदलली तुमी? दाजी, जरा मागं बसा, एवढंच म्हणायचं होतं. दाजी बसले बी असते. मला गाडी नको होती. तुमी म्हणायला पाहिजे होतं, माझ्यासाठी.

मी ते ताट उचलून फळीवर ठेवलं. मग तीच म्हणाली, जाऊ द्या. उद्या गाडी ऱ्हाऊ द्या घरी. अक्का बी येणार न्हाई, तिच्याकडं पाव्हणे हायेत. आपण दोघंच जाऊ एसटीनं, शेजारी शेजारी. मी पुढं जाऊन सीट धरते.
हाव, जाऊ म्हणालो. मनापासून म्हणालो. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं. दाजींना सकाळी सांगायचं. यात अवघड काहीच नाही, आम्ही एसटीने चाललो आहोत, एवढंच. उठवायचं नाही, बसवायचं नाही.

२५ जानेवारी, रविवार. लातूर.
सकाळी दाजी आलेच. शाल, टोपी, बगलेत पेपर. पाव्हण्यांना अक्कावर सोडून आले होते. रेणुका रिक्षात बसली, डबा मांडीवर घेतला. मला म्हणाली, सांगा त्यांना आन या मागून, मी रुमाल टाकून ठेवते. रिक्षा वळेपर्यंत मागे बघत होती.

दाजी, म्हणालो.
काय रे, म्हणाले. दार उघडून अर्धे खाली गेले होते, एक हात माझ्या खांद्यावर.
म्हणालो, काही नाही, सावकाश बसा.

वाटेत मी दोनदा बसस्टँडकडे वळवायचं ठरवलं. लोह्याच्या पुढे गेल्यावर ठरवायचं राहिलं नाही. दाजी घोरत होते. सीट खरंच फार आरामशीर आहे.

दुपारी सुकन्याच्या होस्टेलवर भेट झाली. रेणुकाने मला काहीच विचारलं नाही. डबा उघडला, सुकन्याला वाढलं, मलाही भाकरी दिली. जेवण झाल्यावर मीच विचारलं, जागा मिळाली होती का?
म्हणाली, मिळाली होती, पहिलीच. शेजारी रुमाल टाकला होता. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कोण यायचंय का. येतेत म्हणलं. लोह्यात एक म्हातारा माणूस चढला, उभा ऱ्हायला बिचारा. मग रुमाल उचलला आन त्यांना बसा म्हणलं.