बाई, आमच्या मुलीनं क्लास काढला

बाई, परवा कॉलेजच्या मीटिंगमध्ये तुमची आठवण आली आणि मला हसू आवरेना. आमच्या कला शाखेच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना व्यवसाय सुरू करायला मदत करणारं केंद्र निघालंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. तरुणपणी मी बाहुल्यांचे खेळ करायचे, हे कुणाला तरी कळलं, एवढीच माझी पात्रता.

ते खेळ तुमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात उभे राहिले. आठवडाभर तुम्ही आम्हाला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचात आणि रविवारी ओटा आवरून जागा करून द्यायचात. मी राजाचा झगा शिवतेय, संवाद म्हणतेय, तुम्ही मटार सोलत ऐकताय. एका वाढदिवसाला केलेल्या पहिल्याच खेळात मुलं अर्ध्यातून उठून पळाली. मी तुमच्याकडे येऊन फणकारले, "आजकालच्या मुलांना अभिरुचीच नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पळाली ते बरं झालं. मोठी माणसं सभ्यपणे बसून राहतात आणि आपल्याला काही कळत नाही. जा, विचार त्यांना." मी गेले. "राजा फार बोलतो," एकानं सांगून टाकलं. पुढच्या खेळात मी राजाला मुका केला, आणि खेळ चालला.

मागच्या वर्षी आमच्या मराठीच्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. वर्ध्याकडची. पुण्यात आली तेव्हा तिच्या बोलण्याला वर्ग हसला होता. आणि तिलाच बाहेरून आलेल्या आयटीवाल्यांना बोलायची मराठी शिकवायची होती! "आधी तिला कुणीतरी शिकवा म्हणावं," एक सहकारी म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि कोथरूडच्या एका सोसायटीचा हॉल मिळवून दिला. पण ती धास्तावली होती. व्याकरणाचं पुस्तक छातीशी धरून फळ्यावर विभक्ती लिहीत राहिली. थोड्याच दिवसांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माझ्या केबिनमध्ये ती डोळे पुसतेय, "मॅडम, माझी मराठी पुणेरी नाही ना, म्हणून गेले."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही."

"मग चल, विचारू."

वर्ग सोडलेल्या एका तमिळ इंजिनिअरच्या दारात आम्ही दोघी उभ्या. बिचारा ओशाळला, इंग्रजीतच सांगू लागला. "षष्ठी, सप्तमी सगळं छान आहे, मॅडम. पण मी भाजीचा फोटो काढून बायकोला पाठवतो, तेव्हा भाजीवाल्या मावशी म्हणतात, 'दादा, भाजी घ्यायचीय का लग्न जमवायचंय तिचं?' सगळे हसतात. मला उत्तर द्यायचं आहे."

मुलगी खुदकन हसली. डोळे अजून ओलेच. "मग सांगा नं जी त्यांना, 'मावशी, घरी पसंत पडल्याशिवाय कसं जमणार?'" त्यानं ते वाक्य दारातच घोकलं. पुढचा वर्ग तिनं थेट भाजीबाजारात भरवला. तो उत्तर देतोय, बाकीचे श्वास रोखून उभे, आणि मावशी हातातली मेथीची जुडी खाली ठेवून म्हणतात, "अगं बाई, ह्याला तोंड फुटलं की!"

त्यानंतर ते व्याकरणाचं पुस्तक तिच्या हातात मी पाहिलं नाही. आता ती बिनधास्त सांगते, "पुण्यात 'का' म्हणतात, आमच्याकडे 'काहून'. दोन्ही शिका, जास्त माणसं जोडली जातील." वर्ग भरलेला असतो, तिच्या दोन मैत्रिणीही शिकवायला लागल्यात. त्या सहकाऱ्यांनी परवाच्या मीटिंगनंतर मला बाजूला घेतलं आणि बंगाली सुनेसाठी जागा आहे का, असं अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, "तिलाच विचारा. मी त्यात पडत नाही."

तुम्ही आता नाही आहात, हे पत्र टपालात पडायचं नाही, ते ठाऊक असूनही पानभर लिहून झालं. कुणाला सांगितलं नाही ते तेवढं सांगते. ती मुलगी आता माझ्या केबिनमध्ये येत नाही. तिला गरजच उरली नाही, आणि मला मनापासून आनंद आहे. पण बाई, जिन्यात तिचा आवाज आला की वाटतं, हिला एखादी छोटीशी, अगदी छोटीशी अडचण यावी.