गाडीचं पाणी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, नऊवारीतली म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणतेस. पण तुला चिडवलं नाही तर चिडवू कुणाला? घरात दुसरं आहे कोण?

परवा फोनवर तू गाडीचं विचारलंस आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला. तर ऐक. इंजिन तापल्याचा काटा पुन्हा वर चढला. बाजारातून घरी येईपर्यंत बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. चिरंजीवांनी लगेच त्यांच्या गावाहून फोनवर फर्मान काढलं की रविवारी भंगारवाला येईल, गाडी देऊन टाक. तुझ्या दादांची गाडी! मी जिवंत असेपर्यंत तरी ती भंगारात जायची नाही.

मग मेकॅनिककडे गेले. त्याने रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घातलं, ते गंजाने लाल झालेलं मला दाखवलं आणि यात काय घालता म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाणी. त्याने कपाळावर हात मारला. अगं, तुझे दादा जन्मभर ‘गाडीला पाणी घालून येतो’ असंच म्हणायचे! त्यांच्या डब्यातलं पाणी हिरवं दिसायचं, पण मला वाटायचं डब्याचा रंग उतरत असेल. हे गेल्यापासून मी मोठ्या भक्तिभावाने नळाचं पाणी ओततेय. ते कूलंट असतं, नुसत्या पाण्याने इंजिन आतून गंजतं, हे मला कोण सांगणार? तुमच्या घराण्यात नीट शब्द वापरायची पद्धतच नाही मुळी.

आत सगळं धुऊन काढायचं कसं ते मेकॅनिकने समजावलं आणि मी हट्टाने म्हटलं, घरी करीन. गाडी पूर्ण गार होऊ दिली, खाली टब सरकवला आणि रेडिएटरचं बूच सोडलं. बाहेर आला तो चहाच, उकळून उकळून कडू झालेला. पुन्हा साधं पाणी भरायचं, हीटर लावून इंजिन चालवायचं, गार झालं की सोडून द्यायचं. कंबर धरली, साडीची पार वाट लागली. पण शेवटी पाणी नितळ आलं, टबाचा तळ दिसायला लागला. मी जोरात म्हणाले, आलं गं बाई! आणि इकडेतिकडे बघितलं. कुणीच नव्हतं. रडू येतं तेव्हा एकटं असलेलं बरं वाटतं, वन्सं, पण आनंद झाला आणि सांगायला माणूस नसलं की फार वाईट वाटतं.

मग कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मं निम्मं करून भरलं. राहिली आत अडकलेली हवा. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्याने पुढे उभं राहून बुडबुडे बघत कूलंट ओतायचं. हे पुढे असायचे आणि मी आत बसून भाजी निवडत पायाने ॲक्सिलरेटर दाबायची. आता मी तो दाबून धावत पुढे जाईपर्यंत बुडबुडे थांबलेले. शेजाऱ्यांना चांगली करमणूक झाली असेल.

मेकॅनिक म्हणतो, गाडी घेऊन या, माझा माणूस बसेल, चहा पिईपर्यंत काम होईल. मी नेली नाही. भंगारवाल्याला तेवढं येऊ नको म्हणून सांगितलं. खरं सांगू? मी उभ्या उभ्याच जेवते हल्ली. तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी, आणि फोनवर मात्र दोघी अगदी मजेत. तुला ये म्हणावंसं कितीदा वाटलं, पण हे गेल्यावर त्यांच्या बहिणीवर माझा हक्क किती उरला ते मला कळेना. म्हणून गाडी तशीच अर्धवट ठेवलीय. ये. आणि परतीचं तिकीट काढून येऊ नकोस.

वाट बघणारी, तुझीच,
वहिनी